‘तपास चालू आहे’ एवढ्यावर बोळवण किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खुनाच्या तपासात काही गोष्टी झाकून ठेवाव्या लागतात, हे फौजदारी वकिली केलेल्या माणसाला सांगायला नको. साक्षीदाराचे नाव बाहेर फुटले तर तो फितूर होतो किंवा त्याच्या जिवावर बेतते. पण ज्यांच्या घरातला माणूस गेला, त्यांच्यापासूनही सगळे दडवायचे, ही गुप्तता कोणाच्या सोयीची? लंडनच्या डॅनियल मॉर्गन प्रकरणात याचे उत्तर लेखी मिळाले आहे. आपल्याकडे त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही, म्हणून हे पत्र.

मॉर्गन हा खासगी गुप्तहेर. 10 मार्च 1987 च्या रात्री सिडनहॅम भागात एका पबच्या गाडीतळावर त्याचा मृतदेह सापडला. चेहऱ्यात कुऱ्हाड रुतलेली, तिच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेली. खिशात रोख रक्कम होती, घड्याळ मात्र गायब. अशा जागेचा इंच न् इंच तपासायला हवा होता. प्रत्यक्षात तिथे ना झडती झाली, ना पहारा बसला. पहिल्या तपास पथकात मॉर्गनच्या भागीदाराचा मित्र असलेला पोलीस अधिकारी होता आणि नोकरी सोडल्यावर तोच मॉर्गनच्या जागी त्या दोघा भागीदारांच्या गुप्तहेर संस्थेत रुजू झाला! डॅनियल पोलिसांतला भ्रष्टाचार उघड करणार होता म्हणून त्याचा काटा काढला, असे घरच्यांचे म्हणणे.

भाऊ ॲलिस्टर हात धुऊन या प्रकरणाच्या मागे लागला. तपासामागून तपास झाले, 2011 मध्ये खटला कोसळला, शिक्षा आजवर कोणालाच नाही. 2013 मध्ये तेव्हाच्या गृहमंत्री टेरेसा मे यांनी स्वतंत्र समिती नेमली. वर्षभराचे काम आठ वर्षे लांबले, कारण पोलिसांच्या संगणकातल्या तपासाच्या नोंदी समितीला नीट पाहू देण्यातच टाळाटाळ झाली. 15 जून 2021 च्या अहवालात समितीने लंडनच्या पोलिसांवर ‘संस्थात्मक भ्रष्टाचारा’चा ठपका ठेवला. लाच घेणे एवढाच भ्रष्टाचार नव्हे, लोकांसमोरची प्रतिमा सांभाळण्यासाठी आपल्या चुका लपवणे हादेखील भ्रष्टाचार, असे समितीचे म्हणणे. मला हे वाक्य आपल्या प्रत्येक पोलीस अधीक्षकाच्या टेबलावर हवे आहे. तिथल्या आयुक्तांनी ठपका मान्य केला नाही. पुढे 2023 मध्ये पोलीस मुख्यालयातल्या एका कुलूपबंद कपाटात याच प्रकरणाची आणखी कागदपत्रे निघाली. त्याच वर्षी पोलिसांनी जबाबदारी मान्य करून कुटुंबाची माफी मागितली, भरपाई दिली. डॅनियलची आई ते बघायला उरली नव्हती.

आपल्याकडे काय होते? प्लॅस्टिकच्या पिशवीत एफआयआरची प्रत, पोस्टमॉर्टेमचा कागद आणि अर्जांच्या पोचपावत्या घेऊन बाप ठाण्याच्या बाकावर बसतो. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’, ‘तपास चालू आहे, गोपनीय आहे.’ माहिती अधिकारात अर्ज केला तर कलम 8(1)(ज), म्हणजे तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारण्याची मुभा, दाखवून वाटेला लावतात. तपास चालू आहे एवढेच कारण पुरेसे नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येतो तेही सांगावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितले आहे.

शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 193 नुसार तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला 90 दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. मोबाइलवर कळवले तरी चालते. म्हणजे ठाण्यात खेटे घालण्याचीही गरज नाही, आणि नेमके हेच घरच्यांना कोणी सांगत नाही.

माझी विनंती एवढीच. आपल्या वार्ताहरांना जिल्ह्यातल्या प्रत्येक ठाण्यात पाठवा. 1 जुलै 2024 नंतर दाखल झालेल्या खुनाच्या गुन्ह्यांत किती कुटुंबांना 90 दिवसांत कळवले, कसे कळवले, त्याची नोंद दाखवा, असे विचारायला सांगा. मिळेल ते उत्तर, आणि उत्तर मिळाले नाही तर तेही, ठाण्याच्या नावासह छापा.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा