बाबांच्या बायपासआधीचे पाच आठवडे

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा "बघू गं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडायला लागते, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

डॉक्टरांनी रिस्क दोन टक्के सांगितली तेव्हापासून आई तेवढंच धरून बसलीय. आई, ते दोन टक्के असेच काढलेले नसतात गं, युरोस्कोर म्हणून हिशोब असतो, त्यात वय, किडनी, हृदयाचं पंपिंग, फुफ्फुसाचा आजार, इन्सुलिन चालू आहे का, हे सगळं भरतात. म्हणजे अशा शंभर पेशंटमधले साधारण दोन दगावतात. पण बाबा, त्यात सिगारेटचा रकानाच नाहीये. आणि डॉक्टर मॅडमनी तोंडी विचारलं तेव्हा तुम्ही "कधीच सोडली" म्हणालात आणि मी शेजारी बसून गप्प राहिले, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. रविवारी तुमचा टॉवेल वाळत घालताना वास आला होता मला.

तुम्हाला सगळी भीती हृदयाची आहे, मला तुमच्या फुफ्फुसांची जास्त आहे. छातीचं हाड कापून परत तारांनी बांधतात, त्यामुळे नंतर खोल श्वास घेतला की दुखतं, मग माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकणं टाळतो, कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग आक्रसतो आणि न्यूमोनिया झाला तर परत व्हेंटिलेटर. सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका बराच जास्त. निदान चार आठवडे आधी बंद केली तर तो कमी होतो, आणि आपल्याकडे पाच आहेत बाबा, म्हणजे आजच बंद करावी लागेल, पुढच्या सोमवारपासून नाही.

श्वासाच्या व्यायामाचं ते तीन बॉलवालं यंत्र दिलंय ना, ते तुम्ही फुंकत होतात. फुंकायचं नसतं, नळी ओठात घट्ट धरून हवा आत ओढायची, हळू, बॉल दोन-तीन सेकंद वर राहिले पाहिजेत. परवा तुमचा एकच बॉल वर गेला, 600 वाला, म्हणजे सगळ्यात सोपा. 1200 वाला नाही गेला तरी चालेल, पण जागेपणी तासाला दहा वेळा करा. आणि छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं आत्ताच शिकून ठेवा, तेव्हा दुखण्यात सुचणार नाही.

आई, एक तुझ्यासाठी. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठोके अनियमित होऊ शकतात, चारातल्या एकाला तरी होतात, बहुतेक वेळा औषधांनी ताळ्यावर येतात. आयसीयूमध्ये बाबा काहीबाही बडबडले, तुला ओळखलं नाही तरी घाबरू नकोस, या वयात होतं तसं, सहसा थोड्या दिवसांत ओसरतं, फक्त नर्सला लगेच सांग. आणि छातीच्या आतली धमनी वापरून केलेला ग्राफ्ट, म्हणजे रक्ताला काढून दिलेली नवी वाट, दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांचा चालू असतो, हे पण लक्षात ठेव, नुसते दोन टक्के नको.

घरी आल्यावर दोन-तीन महिने पाण्याची बादली उचलायची नाही, गाडी चालवायची नाही. मी सुट्टी टाकलीय.

सोमवारी मॅडमना फोन लावून देते, सिगारेटचं तुम्हीच सांगा बाबा, मी शेजारी असेन. ते पाकीट फडताळात पिठाच्या डब्यामागे आहे, मला माहितीये. आई, तू काढू नकोस, बाबांनाच काढू दे.

तुमची,
ताई