‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे इजा नाही, असे नव्हे

संपादक महोदय,

अपघातात पोटाला मार बसलेल्या रुग्णाच्या कागदावर ‘सोनोग्राफी नॉर्मल’ असे उमटले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो आणि रुग्णाला घरी नेले जाते. तालुक्याच्या ठिकाणी अनेक वर्षे शस्त्रक्रिया करताना हा समज किती महागात पडतो ते मी पाहिले आहे.

बारा वर्षांचा एक मुलगा सायकलवरून पडला आणि हँडलचे टोक त्याच्या पोटात रुतले. एका रुग्णालयात सोनोग्राफी करून त्याला त्याच दिवशी घरी पाठवण्यात आले. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला तेव्हा पोट फळीसारखे कडक झाले होते आणि बेंबीच्या वर नाण्याएवढा गोल, काळानिळा डाग तसाच होता. लहान आतडे फुटले होते. मुलगा वाचला, पण तो डाग पाहूनच त्याला दाखल करून घ्यायला हवे होते, वारंवार पोट तपासायला हवे होते आणि दुखणे हटत नाही असे दिसताच सीटी स्कॅन करायला हवा होता.

अपघात विभागातली तातडीची सोनोग्राफी मुळात एकाच प्रश्नाचे उत्तर शोधते: यकृताजवळ, प्लीहेजवळ, ओटीपोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचले आहे का? रक्तदाब कोसळलेल्या रुग्णासाठी हे उत्तर अमोल असते, कारण पोटात रक्त दिसत असेल आणि रक्त चढवूनही दाब सावरत नसेल, तर ‘आधी सीटी करा’ असा कितीही आग्रह झाला तरी त्याला थेट शस्त्रक्रियागृहातच न्यावे लागते. मात्र आतड्याचे छिद्र, स्वादुपिंडाची इजा किंवा पेल्व्हिसचे, म्हणजे कमरेखालच्या कटिभागाचे, हाड मोडल्यावर पोटाच्या पडद्यामागे होणारा रक्तस्राव या तपासणीतून सहज निसटतो.

दाब स्थिर असलेल्या आणि अशा इजेची शंका असलेल्या रुग्णाला सीटीच करावा, आणि तोही शिरेतून डाय, म्हणजे चित्रात रक्तवाहिन्या व अवयव ठळक दाखवणारे औषध, देऊन. डाय मूत्रपिंडाला झेपेल का हे पाहण्यासाठीचा क्रिएटिनिनचा रक्ताचा रिपोर्ट आलेला नाही म्हणून गंभीर जखमींचाही ‘साधा सीटी’ उरकला जातो, हे मला फार खटकते. यकृताला वा प्लीहेला गेलेली चीर आणि रक्त नेमके कुठून वाहते आहे, हे डायशिवाय नीट कळत नाही. पेल्व्हिस मोडलेल्या पुरुष रुग्णाच्या मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसत असेल, तर कॅथेटर (लघवीची नळी) घालण्यापूर्वी मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे काढावा. मूत्राशय फुटल्याची शंका असल्यास कॅथेटरमधून डायने ते पूर्ण भरूनच सीटी करावा, नाहीतर गळती लक्षात येत नाही.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, अशा सोनोग्राफीच्या अहवालावर ‘या तपासणीत केवळ साचलेले रक्त पाहिले आहे’ असे मराठीत छापावे आणि पोटदुखी वाढल्यास, उलट्या झाल्यास, पोट फुगल्यास किंवा चक्कर आल्यास तत्काळ परत यावे, ही सूचना घरी पाठवतानाच्या कागदावर सक्तीची करावी.

आपला,
ग्रामीण भागातील एक शल्यचिकित्सक