टेक्निकल डायव्हिंग : आधी प्रशिक्षक पारखा

संपादक महोदय,

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात स्कूबा शिकलेली आपली मुले आता टेक्निकल डायव्हिंगसाठी, म्हणजे हौशी मर्यादेपलीकडच्या खोल डायव्हिंगसाठी, इजिप्तमधील दहाब, थायलंडमधील को ताओकडे वळू लागली आहेत. 'टीडीआय करू, पाडी की जीयूई?' हा त्यांचा पहिला प्रश्न; ही तिन्ही प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची नावे. आमच्या मते समोर उभा राहून शिकवणारा कोण, हे आधी बघावे.

हौशी डायव्हिंगमध्ये अडचण आली तर सरळ वर येता येते. डीकॉम्प्रेशन डाइव्हमध्ये, शरीरात विरघळलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरलेले थांबे घेतल्याशिवाय वर येणे धोक्याचे, त्यामुळे अडचण पाण्याखालीच निस्तरावी लागते. ४५ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या साडेपाच पट असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा तिथे ११० लिटर घेतो. २०० बारने भरलेल्या १२ लिटरच्या सिलिंडरात २४०० लिटर हवा मावते, म्हणजे बावीस मिनिटेही पुरणार नाही. जोडीदाराचा गॅस संपला आणि दोघे घाबरून प्रत्येकी ३० लिटरने श्वास घेऊ लागले, तर सात मिनिटांत सगळे संपते. हा हिशेब विद्यार्थ्याकडून कागदावर करून न घेता सगळे डाइव्ह कॉम्प्युटरवर (खोली, वेळ आणि थांबे मोजणाऱ्या मनगटावरच्या यंत्रावर) सोपवणारा प्रशिक्षक टाळावा.

सर्वांत घातक चूक गॅस बदलताना, म्हणजे वर येताना जास्त ऑक्सिजनच्या दुसऱ्या सिलिंडरवर जाताना, होते. ५० टक्के ऑक्सिजनचा नायट्रॉक्स (ऑक्सिजन-नायट्रोजनचे मिश्रण) २१ मीटरवर चालतो. तोच ४० मीटरवर तोंडात गेला तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (एकूण दाबातला त्याचा वाटा) अडीच बार होतो, मर्यादा १.६ ची. आकडी येऊ शकते, रेग्युलेटर (श्वास घेण्याचे तोंडातले साधन) तोंडातून सुटतो आणि माणूस बुडतो. म्हणून गॅस स्वतः तपासायचा, सिलिंडरवर कमाल खोली ठळक लिहायची. बदलताना आधी खोली पाहायची, रेग्युलेटरच्या होजवरून (नळीवरून) हात फिरवत सिलिंडरपर्यंत जायचे, जोडीदाराचा होकार घ्यायचा, मगच रेग्युलेटर तोंडात घालायचा. दर वेळी, न चुकता. घाईत यातली एक पायरी गाळणाऱ्याकडे मुळीच शिकू नये.

पैसे भरण्याआधी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा : प्रशिक्षकाचा परवाना चालू आहे का आणि नेमक्या त्याच कोर्सचा आहे का? शिकवण्याव्यतिरिक्त तो स्वतः त्या खोलीवर जातो का, कुणाला कधी नापास केले आहे का, बोटीवर ऑक्सिजन असतो का, जवळचा रीकॉम्प्रेशन चेंबर (डीकॉम्प्रेशनच्या त्रासावर उपचाराची दाबाची खोली) कुठे आहे, हे तोंडावर विचारा. 'चार दिवसांत कार्ड (प्रमाणपत्र) नक्की' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे. शक्य असेल तर कोर्सआधी त्याच्यासोबत एक साधी डाइव्ह करा.

आणि सहा मीटरवर अर्ध्या मीटरच्या आत स्थिर राहून पृष्ठभागावर बोया (आपली जागा दाखवणारा तरंगता फुगा) सोडणे अजून जमत नसेल, तर दहाबचे तिकीट थांबवा. तो सराव इथल्या उथळ पाण्यात, कमी खर्चात होतो.

— डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण