पुठ्ठ्याची चकती

काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत तुम्ही आमच्या अवतीभवती होतात, खुर्च्या मांडत होतात, माइकच्या वायरी गुंडाळत होतात, आणि आम्ही सत्तरएक कॉलेजची पोरं तुम्हाला नुसतं ‘काका’ म्हणून कामाला लावत होतो. काका, त्या बाजूचा पंखा चालत नाही. काका, एक उशी कमी पडतेय. रविवारी आभारप्रदर्शन झालं. वक्त्यांचं नाव घेतलं, गिटारवाल्यांचं घेतलं, आणि तुमच्यापर्यंत गाडी आली तेव्हा ‘ज्ञात-अज्ञात सर्व हातांचे’ म्हणून टाळ्याही वाजून गेल्या. तेव्हाच ठरवलं होतं की आपण लिहायचं. बसले की रडू यायचं, म्हणून तीन आठवडे गेले.

खरं सांगायचं तर मला त्या रिट्रीटला, त्या प्रार्थना-शिबिराला, यायचंच नव्हतं. मैत्रिणीने परस्पर माझं नाव दिलं होतं. जानेवारीत माझी आई गेली. ती आजारी होती तेव्हा मी एका प्रार्थना गटात जायचे. तिथे दर आठवड्याला माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे, घाबरू नकोस, त्या बऱ्या होणारच, आम्हाला तसं दाखवलं गेलंय. आई गेल्यावर त्यांच्यातल्या एका ताईने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू, काळजीच्या आवाजात विचारलं, “घरात सगळ्यांचा विश्वास पक्का होता ना गं?”

मी काहीच बोलले नाही. परतीच्या बसमध्ये सुचलेली सगळी उत्तरं मात्र अजून पाठ आहेत.

बायबलमधल्या त्या संकटांनी घेरलेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सुरुवातीला किती शहाणे होते! त्याची अवस्था पाहून ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तिथेच थांबले असते तर आज त्यांची नावं लोकांनी पोरांना ठेवली असती. पण मग त्यांनी तोंड उघडलं, आणि ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ हा एकच हेका अध्यायामागून अध्याय लावून धरला. शेवटी ४२व्या अध्यायात देव अलीफजाला सरळ सुनावतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोन्ही मित्रांवर मी संतापलोय, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. हा अध्याय त्या गटात कुणी वाचला नसावा. वाचला असेल तरी आपण त्यात कोण आहोत हे कळलं नसेल. अलीफजालाही कळलं नव्हतं.

असो. तर मी आले ती अशी, पाय ओढत.

शनिवारी सकाळी आम्हाला तीन तास मौन होतं. त्याआधी वक्त्यांनी कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाची गोष्ट सांगितली, की १५२१ साली तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणात काढावे लागले आणि तिथून पुढे त्याची ती ३० दिवसांची साधना आकाराला आली. मला त्यातलं एकच आवडलं. तोही काही हौसेने गप्प बसला नव्हता. बाकी त्या तीन तासांत मी प्रार्थना केली असं म्हणणार नाही. मागच्या पायरीवर बसून मुंग्या बघितल्या. तुम्ही दोनदा खुर्च्यांची चळत घेऊन समोरून गेलात आणि दोन्ही वेळा वळसा घालून, पाय न वाजवता गेलात. ते मी बघितलं होतं.

आता शनिवारची रात्र. हॉलमधले दिवे बंद, सगळे गोलात बसलेले, प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती आणि मेण बोटांवर ओघळू नये म्हणून तिच्यात अडकवलेली पुठ्ठ्याची गोल चकती. शेजारच्याच्या ज्योतीवरून आपली पेटवायची आणि देवाने या वर्षी माझ्यासाठी काय केलं, ते दोन वाक्यांत सांगायचं, म्हणजे साक्ष द्यायची. ज्यांनी हे ठरवलं त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण आपली पाळी यायला अजून अकरा जण आहेत, मग दहा, मग नऊ, असं मोजत बसणाऱ्याला ती ज्योत कशी दिसते ते त्यांना ठाऊक नसावं. कुणाचा राहिलेला विषय सुटला होता, कुणाच्या भावाचं व्यसन सुटलं होतं. माझ्या उजवीकडच्या मुलीच्या आईचं ऑपरेशन यशस्वी झालं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मेणबत्ती काखेत धरून.

मग तिने माझी पेटवली.

मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. गोल थांबला. मागून कुणीतरी ‘हालेलुया’ म्हणालं, मला धीर यावा म्हणून. वाट बघता बघता मी त्या चकतीशी चाळा करत बसले होते, ती भोकापासून कडेपर्यंत फाटली होती. मेण थेट अंगठ्यावर उतरत होतं आणि मला ते कळतही नव्हतं. समोर सत्तर चेहरे, सगळे प्रेमळ. पळून जावंसं वाटावं इतके प्रेमळ.

माझ्या डावीकडे तुम्ही होतात. तुमची साक्ष वगैरे ठरलेली नव्हती, एक जण आजारी पडून खोलीत झोपला होता म्हणून गोलातली खुर्ची रिकामी नको, एवढ्यासाठी तुम्हाला बसवलेलं. तुम्ही पुढे वाकलात, माझ्या ज्योतीवर तुमची मेणबत्ती पेटवलीत आणि त्याच झटक्यात दोन्हींची अदलाबदल केलीत. धड चकतीवाली माझ्या हातात, फाटकी तुमच्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, “मी खुर्च्या मांडतो. बरं चाललंय.” पोरं हसली. तुम्ही शेजारच्या मुलाकडे ज्योत धरलीत, आणि गोल पुढे सरकला.

माझी पाळी झाली की राहिली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर तीसेक जणांच्या साक्षी झाल्या, एक लांबलचक गीत झालं, आणि तेवढा सगळा वेळ तुमच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण तुमच्या बोटांवर ठिबकत होतं. मी तिरक्या नजरेने बघत होते. तुम्ही हात बदलला नाहीत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत, आणि त्याबद्दल तर मी तुमची जास्तच ऋणी आहे. बघितलं असतंत तर मी तिथेच कोसळले असते.

नंतर तुम्ही फरशीवर उकिडवे बसून जुन्या ओळखपत्राच्या कडेने मेण खरवडत होतात. मी मदतीला आले. बराच वेळ आपण दोघं नुसतं खरवडत होतो. मग तुम्ही मान वर न करता विचारलंत, “८८वं स्तोत्र वाचलंयस?” मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, “ते शेवटपर्यंत अंधारातच आहे. तरी काढून टाकलेलं नाही कुणी.”

बस्स. पुढे काही नाही. मी वाट बघत होते की आता उपदेश येईल.

त्या रात्री पांघरुणात टॉर्च लावून बायबलमधलं ते स्तोत्र वाचलं. रडगाण्याची बाकीची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळण घेतात. १३वं घ्या, ‘किती वेळ, किती वेळ’ करत सुरू होतं आणि गाण्यावर येऊन थांबतं. हे वळतच नाही. माझे सोबती दूर केलेस, उरला तो अंधार, आणि संपलं. १५० स्तोत्रांत या एकाला तसंच राहू दिलंय, कुणी त्याला गोड शेवट चिकटवलेला नाही. जानेवारीनंतर पहिल्यांदा मला वाटलं की या पुस्तकात मलाही बसायला जागा आहे.

तुम्हाला आईबद्दल कुणी सांगितलं होतं का? मला नाही वाटत. तुम्हाला फक्त एक फाटलेली चकती दिसली असेल. तेव्हापासून मला तुमच्यासारखी माणसं दिसायला लागली आहेत, आधीही होतीच म्हणा. आई गेल्यावर मी पंधरा दिवस कॉलेजला गेले नव्हते. परत गेले तेव्हा माझ्या नेहमीच्या बाकावर वर्गातल्या एका मुलीची बॅग होती. तिने ती उचलली, मला बसू दिलं आणि फळ्याकडे बघत राहिली. पंधरा दिवस रोज ती जागा तिने धरून ठेवली होती, हे मला दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं. मी तिचेही आभार मानले नव्हते. काल मानले. ती म्हणाली, “कसली जागा?”

मी त्या गटात परत गेलेले नाही, जाणारही नाही. चर्चला जाते, मागच्या रांगेत बसते, गाणं मनात असेल तर म्हणते. तुमची चकती माझ्याकडे आहे, कडेला थोडी करपली आहे.

एक विचारायचं त्या दिवशी राहून गेलं. बोटांना काही लावलंत का?

तुमची,
डावीकडून दुसऱ्या खांबाजवळची मुलगी