आरोग्यमंत्री साहेब, ट्रान्स्फरच्या कागदावर एक ओळ वाढवा

माननीय आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी, जखमेतला पू असं जे काही वॉर्डातून येतं ते जंतू वाढवायच्या प्लेटवर लावायचं, काही वाढलं तर कोणता जंतू आहे ते ओळखायचं आणि कोणत्या अँटिबायोटिकने तो मरतो ते बघायचं, हे माझं रोजचं काम. माझी मागणी एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला तुम्हाला वेळ झाला नाही तरी ती पोचेल. एका हॉस्पिटलमधून दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट पाठवताना तो रेझिस्टंट जंतूंचा, म्हणजे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा, कॅरियर आहे का, म्हणजे स्वतः आजारी नसला तरी ते अंगात बाळगतो आहे का, हे त्याच्या कागदावर लिहिणं सक्तीचं करा. आणि जे हॉस्पिटल खरं लिहील त्याला त्याचा त्रास होणार नाही एवढं बघा.

हे डोक्यात बसलं ते एका प्लेटमुळे. आयसीयूतल्या एका आजोबांचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला, सेन्सिटिव्हिटी लावली. त्यात आम्ही जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधांच्या बारीक डिस्क ठेवतो, औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती वाढ होत नाही, स्वच्छ गोल दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट काढली तर गोल जवळपास नव्हतेच, मेरोपेनेमच्या डिस्कला तर जंतू अगदी चिकटून वाढलेले, आणि मेरोपेनेम म्हणजे बाकीची औषधं चालेनाशी झाली की काढायचं औषध. आजोबा सहा दिवसांपूर्वी दुसऱ्या हॉस्पिटलमधून आले होते. त्यांच्या ट्रान्स्फर समरीत बीपी होतं, शुगर होती, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते होतं, या जंतूचं मात्र कुठेच काही नव्हतं. मग त्यांच्या मुलीने घरून जुनी फाइल आणली, तिच्यात दोन महिन्यांपूर्वीचा लघवीचा रिपोर्ट सापडला, तोच जंतू, औषधांच्या नावापुढे तशीच आर, आर, आर (आर म्हणजे रेझिस्टंट) अशी रांग. तोपर्यंत शेजारच्या दोन बेडवरच्या सॅम्पलमध्येही तोच पॅटर्न आला होता. आजोबा गेले. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, फक्त त्यांची प्लेट पाहिली होती.

हा रेझिस्टन्स येतो कुठून ते थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मागणीचं मूळ तिथेच आहे. लोकांना वाटतं की जंतूंना औषधाची सवय होते. सवय होत नाही. जंतू वाढताना डीएनएची कॉपी काढतात, कॉपीत कधीतरी चूक होते, करोडोंमध्ये एखाद्याची चूक त्याच्या कामाची निघते, मग औषध बाकीच्यांना मारतं आणि तो एकटा उरतो आणि वाढतो. पण हॉस्पिटलमध्ये आम्हाला जास्त छळतं ते प्लास्मिड. जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळी अशी डीएनएची एक छोटी गोल रिंग असते, जंतू दुसऱ्या जंतूला चिकटून तिची कॉपी त्याला देऊन टाकतो आणि समोरचा आपल्याच जातीचा असला पाहिजे असंही नाही, क्लेब्सिएलाकडून ती ई. कोलाय या दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाते. जंतू एकमेकांना जीन देतात हे लेडरबर्ग आणि टेटम या शास्त्रज्ञांनी 1946 मध्येच दाखवलं होतं, आणि 1950 च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आमांशाच्या शिगेलावर काम करणाऱ्यांना दिसलं की अनेक औषधांचा रेझिस्टन्स एका झटक्यात एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणजे ही माहिती नवीन नाहीच.

एकाच रिंगवर वेगवेगळ्या औषधांविरुद्धचे बरेच जीन शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. त्यामुळे डॉक्टरांनी मेरोपेनेमला हातही लावला नाही आणि दुसरं एखादं जुनं साधं औषध दिलं, तरी त्या औषधाविरुद्धचा जीन त्याच रिंगवर असेल तर अख्खी रिंग टिकते, आणि मेरोपेनेम तोडणारा जीन फुकटात सोबत टिकतो. मला हे शिकून इतकी वर्षं झाली तरी अजून याची धास्ती वाटते. केपीसी नावाचं, कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं तोडणारं एन्झाइम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या 1996 च्या एका नमुन्यात होतं, त्याची माहिती 2001 मध्ये छापून आली आणि पुढच्या काही वर्षांत ते कितीतरी देशांत पोचलं. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधून एमसीआर-1 ची बातमी आली, म्हणजे कोलिस्टिनसारख्या शेवटच्या औषधालाही दाद न देण्याचा जीन प्लास्मिडवर बसलेला. इतर देशांनी साठवून ठेवलेले जुने नमुने उघडले तर तो तिथेही आधीपासून होता.

आणि आता कॅरियर. हे जंतू बहुतेक वेळा आतड्यात गुपचूप राहतात, ताप नाही, जुलाब नाही, महिनोन् महिने काही कळत नाही. रेक्टल स्वॅब, म्हणजे गुदद्वारातून काडीने नमुना, घेतल्याशिवाय असा माणूस सापडत नाही. 2011 मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या क्लिनिकल सेंटर या हॉस्पिटलमध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमधून एक पेशंट आली, ती कॅरियर आहे हे त्यांना माहीत होतं, वेगळं ठेवलं, काळजी घेतली. तिला डिस्चार्ज मिळाल्यावर तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तोच जंतू निघाला. शेवटी 18 जणांना लागण झाली, 11 दगावले, त्यातले 6 या इन्फेक्शनमुळे. जंतूंचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून बघितला तेव्हा सगळं त्या पहिल्या पेशंटपासूनच पसरल्याचं दिसलं, मधल्या काळात तो न दिसणाऱ्या कॅरियरच्या अंगात फिरत होता, सिंकच्या ड्रेनमध्ये सापडला आणि साफ केलेल्या व्हेंटिलेटरवरही सापडला. साहेब, जिथे माहीत होतं तिथे हे झालं. आमच्याकडे तर आजोबांच्या कागदावर काहीच नव्हतं.

यावर काही होऊ शकत नाही असं कोणी तुम्हाला सांगितलं तर इस्रायलचं उदाहरण समोर ठेवा. तिथे 2006 पासून हाच केपीसीवाला क्लेब्सिएला पसरला, मार्च 2007 पर्यंत 27 हॉस्पिटलांत 1275 पेशंट. एकेक हॉस्पिटल आपापल्या परीने लढत होतं आणि हरत होतं, कारण पेशंट इकडून तिकडे जात होते. मग तिथल्या आरोग्य मंत्रालयाने सूत्रं हातात घेतली. प्रत्येक कॅरियर कळवायचाच, त्याला वेगळं ठेवायचं, त्याच्यासाठी वेगळ्या नर्स, आणि लक्ष ठेवायला एक केंद्रीय टीम. मे 2008 पर्यंत दर 1 लाख पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस ॲडमिट म्हणजे एक पेशंट-दिवस) 55.5 केसेसवरून आकडा 11.7 वर आला. नवीन औषध आलं नव्हतं, फक्त कोण कुठे आहे ते सगळ्यांना कळायला लागलं आणि त्याप्रमाणे वागणं सक्तीचं झालं.

हात धुणं, हँड रब, कॅथेटर लवकर काढणं, हे सगळं हवंच, त्याच्या गाइडलाइन भिंतीभिंतीवर आहेत, त्यावर मी वेगळं लिहीत नाही.

शिक्षेचं मात्र लिहायलाच हवं. रेझिस्टंट जंतू जो शोधतो त्याच्याकडेच तो सापडतो. स्वॅब घेणाऱ्या हॉस्पिटलचे आकडे वाईट दिसतात, न घेणाऱ्याचे चांगले. पेशंटच्या कागदावर कॅरियर लिहिलं की पुढचं हॉस्पिटल बेड नाही म्हणतं, म्हणून लिहिलंच जात नाही. आजोबांना पाठवणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही, त्यांना कदाचित बेड मिळवायचा होता. म्हणून नियमात दोन्ही पाहिजे: लिहिलं नाही तर जबाबदारी, आणि लिहिलं म्हणून पेशंट नाकारता येणार नाही. सोबत लॅबला माणसं आणि किट द्या, कारण कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात पेशंट कुणाच्या तरी शेजारी झोपलेला असतो. जीन शोधणारी पीसीआर टेस्ट काही तासांत सांगते.

2019 या एका वर्षात जगभरात साधारण 12 लाख 70 हजार माणसं थेट रेझिस्टंट जंतूंमुळे गेली असा अंदाज आहे. सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशांनी मान्य केलं की रेझिस्टन्सशी जोडलेले मृत्यू 2030 पर्यंत 10 टक्क्यांनी कमी करायचे. त्यासाठी मोठ्या योजना बनतील, बनू द्या. माझी ओळ त्याआधी छापून होऊ शकते.

पुढच्या वेळी एखाद्या हॉस्पिटलला भेट द्याल तेव्हा नवीन मशीन बघून झालं की आयसीयूच्या सिस्टरना विचारा, गेल्या महिन्यात दुसरीकडून आलेल्या किती पेशंटचा स्वॅब घेतला, आणि किती जणांच्या कागदावर आधीपासून काही लिहिलेलं होतं. उत्तर ऐकून मग माझं पत्र परत एकदा वाचा.

आपली,
मायक्रोबायोलॉजी लॅबमधली एक टेक्निशियन