मूनपाय घरी करायचा म्हणतोस तर

पुणे, 12 डिसेंबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

लेकीने अमेरिकेतल्या टेनेसीहून आणलेला मूनपायचा (दोन बिस्किटांत मार्शमेलोचा मऊ गोड थर, वर चॉकलेट) डबा चार दिवसांत फस्त झाला, आणि आता विचारतोस, ‘आतलं मार्शमेलो घरी जमतं का?’ जमतं. दोनतारी पाक ज्याला कळतो त्याला मार्शमेलो अवघड नाही. बिघडतं ते बिस्किट. चवीला नाही, ओलाव्याला.

मूनपायचं बिस्किट कुरकुरीत नसतं, केकसारखंही नसतं. दाताखाली अलगद तुटतं. म्हणून लोक घरी मऊ बिस्किट भाजतात आणि तिसऱ्या दिवशी चिखल होतो. मार्शमेलोत पाणी असतं, कडक भाजलेल्या बिस्किटात जवळजवळ नसतं. वरून चॉकलेट चढलं की पाण्याला बाहेरची वाट बंद होते, मग ते मार्शमेलोतून हळूहळू बिस्किटात उतरतं आणि दोन्हीकडचा ओलावा समतोल झाला की थांबतं. याला चोवीस ते छत्तीस तास लागतात. म्हणजे बिस्किट मऊ करण्याचं काम ओव्हनचं नाही, त्या बंद डब्यातल्या एका-दीड दिवसाचं. तू कडक भाज. अगदी चहात बुडवावंसं वाटेल इतकं कडक.

मूनपायचा जन्म 1917 चा, टेनेसीतल्या चॅटनूगा बेकरीत. कंपनी सांगते ती गोष्ट अशी: त्यांचा फिरता विक्रेता केंटकीच्या कोळसा खाणींत गेला, तेव्हा कामगारांना दुपारच्या डब्यात पोटभरीचं काहीतरी हवं होतं. केवढं मोठं, तर चंद्राएवढं. खरं-खोटं असो, पदार्थ त्या गोष्टीला साजेसा आहे: दोन ग्रॅहम बिस्किटं, मध्ये मार्शमेलो, वर चॉकलेट. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मूनपाय आणि आरसी कोला ही जोडीच झाली, आपल्या वडापाव आणि चहासारखी. अलाबामातल्या मोबील शहरात मार्डी ग्रा नावाच्या उत्सवाच्या मिरवणुकीत गर्दीवर मूनपाय उधळतात.

ग्रॅहम पीठ म्हणजे कोंड्यासकट दळलेला गहू, म्हणजे आपली कणीकच. फरक दळणाचा. आपली कणीक बारीक असते, पाणी जास्त पिते, आणि जास्त मळली तर बिस्किट चिवट होतं. गिरणीतून थोडं रवाळ दळून आणलंस तर उत्तम, नाहीतर चाळणीतला दोन चमचे कोंडा परत मिसळ. सोळा जोड्यांसाठी 180 ग्रॅम कणीक, 120 ग्रॅम मैदा, 85 ग्रॅम बारीक चिरलेला गूळ, अर्धा-अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, बेकिंग पावडर आणि मीठ, चिमूटभर दालचिनी. यात 115 ग्रॅम थंड, बिनमिठाचं लोणी चोळून रवाळ कर. फ्रीजमधलंच घे, पातळ झालेलं नको. मग 40 ग्रॅम काकवी आणि 35 ते 40 मिली थंड दूध घालून नुसतं गोळा होईल इतकंच एकत्र कर, मळू नकोस. तिकडच्या बिस्किटांत मोलॅसिसची जी खमंग कडवट चव असते, तिच्या जवळ आपल्याकडे काकवीच जाते. मध घातलास तर चव फुलाची येईल आणि रंगही फिका पडेल.

गोळा चपटा करून तासभर फ्रीजमध्ये ठेव. दोन बटर पेपरांत 4 मिलिमीटर जाड लाट, साडेसहा सेंटीमीटरच्या साच्याने काप आणि काट्याने टोचे मार. टोचे नसतील तर मध्ये फुगवटा येतो आणि वरचं बिस्किट मार्शमेलोवर डुगडुगतं. 165 अंशांवर 14 ते 16 मिनिटं. कडा गडद व्हायला लागल्या की ओव्हन बंद कर, दार थोडं उघडं ठेव आणि आतच गार होऊ दे. या शेवटच्या सुकण्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, घाई करू नकोस.

आता मार्शमेलो. जिलेटीन 10 ग्रॅम, 60 मिली गार पाण्यात दहा मिनिटं फुगत ठेव. वेगळ्या भांड्यात 180 ग्रॅम साखर, 90 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, 50 मिली पाणी, चिमूटभर मीठ. ग्लुकोजला फाटा देऊ नकोस. तोच साखरेचे दाणे पडू देत नाही. पाक उकळायला लागला की चमचा घालायचा नाही, भांड्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने खाली ढकलायचे. एक दाणा पाकात पडला की सगळं रवाळ होतं. पाक 115 अंशांपर्यंत न्यायचा. गार पाण्यात थेंब टाकला तर बोटांत मऊ गोळी धरते, तीच खूण. फक्त हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. तुझ्या नागपुरात पाणी 99 च्या आसपासच उकळतं, पुण्यात 98 ला. म्हणून आधी तुझा थर्मामीटर उकळत्या पाण्यात धर, जो आकडा दिसेल त्यात 15 मिळव, आणि तिथे पाक उतरव. उंची आणि थर्मामीटरची चूक, दोन्ही एका फटक्यात निघून जातात. पाच अंश कमी पडले तर मार्शमेलो पाणी सोडतं आणि बिस्किट अगदीच लेचंपेचं होतं. पाच जास्त झाले तर रबर होतं आणि बिस्किट कोरडंच राहतं.

पाकाचे बुडबुडे शांत झाले की तो फुगलेल्या जिलेटीनवर बारीक धारेने ओत, इलेक्ट्रिक बीटर मध्यम वेगाने चालू ठेव आणि मग वेग वाढव. आठ-दहा मिनिटांत पांढरंशुभ्र, तिप्पट होतं आणि बीटर उचलल्यावर जाड रिबीन पडते. भांडं बाहेरून कोमट लागेल, तेव्हा व्हॅनिला घालून लगेच पायपिंग बॅगेत भर. अननसाचा स्वाद हवा असेल तर इसेन्स वापर. ताज्या अननसातलं किंवा पपईतलं एन्झाइम जिलेटीन तोडतं, मार्शमेलो सेट होणारच नाही.

प्रत्येक बिस्किटावर साधारण 22 ग्रॅम, कडेला सेंटीमीटरभर जागा सोडून. वरून दुसरं ठेव आणि मार्शमेलो बिस्किटाच्या कडेपर्यंत येईल इतकंच दाब. आत खड्डा राहिला तर तिथे चॉकलेट नीट चढत नाही, बाहेर आलं तर तिथे पातळ बसतं. दोन्हीकडून पुढे चिकट पाक झिरपतो. उघडंच तीन-चार तास राहू दे, हात लावल्यावर बोटाला चिकटता कामा नये. वर कॉर्नफ्लोअर भुरभुरू नकोस. बाजारच्या सुट्ट्या मार्शमेलोला ते लागतं, इथे त्याने चॉकलेट सुटून येतं.

चॉकलेटबाबत माझं मत आधीच सांगतो: पहिल्या खेपेला डार्क कंपाउंडच घे. वनस्पती तेलाचं असल्यामुळे टेम्परिंगची कटकट नाही. खऱ्या चॉकलेटची चव वरचढ आहे, पण ते 45 अंशांवर वितळवून, 27-28 पर्यंत उतरवून, पुन्हा 31-32 वर आणावं लागतं. चुकलास तर दुसऱ्या दिवशी राखाडी डाग. 400 ग्रॅम डबल बॉयलरवर वितळव, एक मोठा चमचा बिनवासाचं तेल घाल. तेलाने ते पातळ होतं आणि आवरण थोडं लवचीक राहतं, खाली मऊ मार्शमेलो असल्यामुळे कडक कवच चावताच तडकून पडतं. भांड्यात पाण्याचा एक थेंब गेला तरी चॉकलेट गाठी धरतं, तेव्हा वाफेपासून सांभाळ. आधी सगळ्यांच्या तळाला ब्रशने पातळ थर दे आणि सुकू दे, कारण काट्यावरून उचलताना तळालाच भोकं पडतात. मग एकेक पूर्ण बुडव, काटा भांड्याच्या कडेला तीनदा आपट, तळ कडेवर पुसून घे आणि बटर पेपरवर सरकव. पुसलं नाहीस तर खाली चॉकलेटचा चबुतरा होतो.

सर्वांत जास्त तक्रार येते ती कवचाला तडे जाण्याची, आणि कारण बहुधा फ्रीज. गार जोडी गरम चॉकलेटमध्ये बुडवली की वरचं आवरण सुकताना आकसतं, आतलं मात्र खोलीच्या उबेने फुगतं. जोड्या खोलीच्याच तापमानाला असू देत, 22 ते 25 अंश. आता थंडी आहे तोवर करून टाक. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 34 च्या वर जाते, आणि कोको बटर त्याच सुमाराला वितळतं. पावसाळ्यात मार्शमेलो हवेतलंच पाणी ओढून घेतं, बिस्किटाला काय देणार!

काकूंना जिलेटीन चालणार नाही, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. इथे मिळणाऱ्या लोटे चोको पायवर हिरवा ठिपका असतो, पण घरी चायना ग्रास वापरून तो पोत येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चायना ग्रास नुसता फेटला तर फुगत नाही, म्हणून छोले उकडलेलं 150 मिली पाणी आटवून 75 मिली कर, अगदी गार कर, चिमूटभर क्रीम ऑफ टार्टर घालून सात-आठ मिनिटं घट्ट फेट. दुसरीकडे 4 ग्रॅम चायना ग्रास पावडर 100 मिली पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळ. नीट उकळली नाही तर ती विरघळतच नाही. त्यात तीच साखर आणि तेच ग्लुकोज घालून पाक 108 ला आण आणि फेसावर ओत. हे मिश्रण चाळिशीच्या खाली गेलं की गोठतं, तेव्हा दोन-तीन मिनिटंच फेटून गरम असतानाच भर. तुटक लागतं, ताणलं जात नाही, पण गोड आहे, हलकं आहे. पाणी लवकर सोडतं, म्हणून त्याच दिवशी चॉकलेट चढव आणि तीन दिवसांत संपव.

जिलेटीनचे घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर टिकतात. फ्रीजमध्ये ठेवावेच लागले तर डबा बाहेर काढल्यावर तासभर उघडू नकोस, नाहीतर वर दव जमून साखरेचे पांढरे डाग पडतात. आणि पहिला चोवीस तासांनंतरच फोडायचा. पोरांना त्याआधी धीर धरवला नाही तर त्यांना कडक बिस्किट, गार मार्शमेलो असंच मिळेल, मग मला नावं ठेवू नका.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझाच,
अनंता

ता. क. भांडी लगेच घासू नकोस. पाकाचं भांडं आणि बीटरच्या काड्या कडकडीत गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, सगळं आपोआप सुटतं. सिंकमध्ये मात्र चॉकलेटचं पाणी ओतू नकोस, पाइपात जाऊन घट्ट बसतं. कागदाने पुसून कचऱ्यात टाक.