शून्यसुद्धा लिहायचं असतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून दुर्मिळ पक्षी दिसल्याची बातमी येते, मोठा रंगीत फोटो असतो आणि पुढच्या रविवारी त्या जागेवर गाड्यांची रांग लागते. बातमीबद्दल तक्रार नाही, वाचून मलाही आनंदच होतो. पण मी गेली सहा वर्षं दर महिन्याला पक्षीगणनेला स्वयंसेवक म्हणून जाते आणि आमच्याकडे बऱ्याचदा चार-पाच जणच असतात, कारण आमच्या जागेवर दुर्मिळ काही नसतंच, साळुंक्या असतात, होले असतात, बुलबुल, कोतवाल, वेडा राघू, तेच ते. नवीन माणूस एकदा येतो, "आज काही खास दिसलं नाही" म्हणतो आणि परत येत नाही. मला त्या सगळ्यांना सांगायचंय की हे "खास नाही"वालंच काम सगळ्यात जास्त अडलेलं आहे.

गिधाडांचं काय झालं ते आठवा. पांढऱ्या पाठीचं गिधाड एकेकाळी इतकं कॉमन होतं की त्याला मोजायचं कशाला असंच सगळ्यांना वाटायचं. पण भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी 1980 च्या दशकात गिधाडं मोजून ठेवली होती, आणि 90 च्या दशकात तिथेच परत मोजली तेव्हा आकडा धाडकन खाली आलेला दिसला. मग शोधाशोध सुरू झाली, 2004 मध्ये कारण समोर आलं, गुरांना तेव्हा द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्यावरचं औषध, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी होतात. 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, पण तोपर्यंत या जातीची 99 टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली होती. आता विचार करा, तो जुना आकडा कोणी लिहूनच ठेवला नसता तर? "पूर्वी बरीच दिसायची हो" एवढंच आपण म्हणत बसलो असतो.

म्हणून आमच्याकडे "खूप", "बरेच" असले शब्द चालत नाहीत, नंबर लिहायचा. जागा ठरलेली, सकाळची वेळ ठरलेली, तेवढ्या वेळात जे दिसलं आणि जे ऐकू आलं ते सगळं, फक्त आवडतं तेवढंच नाही. मोठा थवा आला तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा केवढी जागा घेतात ते डोळ्यात धरायचं आणि तसे किती तुकडे भरतात ते बघायचं, दोन-तीन वेळा केलं की जमतं. ओळखता आला नाही तर सरळ "ओळखला नाही" लिहायचं, अंदाजाने नाव ठोकून द्यायचं नाही, चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा कधीही चांगली.

आमच्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. पहिल्याच दिवशी वही घेऊन पळत आला, "ताई, टाईम संपला आणि एकपण चिमणी नाही, आता चिमणीपुढे काय लिहू?" म्हटलं शून्य लिही. त्याचा चेहराच पडला, त्याला वाटलं आपलं काम फुकट गेलं. मग त्याला गिधाडांची गोष्ट सांगितली, की बघून नाही दिसली आणि बघितलंच नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुझं शून्य पहिल्या प्रकारचं आहे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी भरताना पण शेवटी विचारतात ना, ओळखू आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, त्याला "हो" म्हणता आलं तरच जे यादीत नाही त्याला अर्थ येतो. आता तो शून्य मोठं गोल काढून लिहितो.

असल्या साध्या याद्यांमधून केवढं काम उभं राहतं बघा. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चा 2023 चा रिपोर्ट 30,000 पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे, त्यात 942 जातींचा विचार झालाय, आणि ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला त्यातल्या 60 टक्के कमी होताना दिसल्या. ही माहिती गोळा करणारी बहुतेक माणसं नोकरी-धंदा सांभाळून सकाळी अर्धा तास काढणारी, तुमच्याआमच्यासारखीच.

आता मुलांबद्दल, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय. मागे एका संस्थेच्या जनजागृती कार्यक्रमात मदतीला गेले होते, हॉल भरून मुलं, पडद्यावर वाघ, हत्ती, पोलर बेअर, मग शपथ, मग सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. बाहेर पडताना समोरच्या झाडावर तांबट ओरडत होता, मी विचारलं हा कोणाचा आवाज, एकालाही माहीत नव्हतं. मुलांचा दोष नाही त्यात, त्यांना कोणी ऐकायला थांबवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी मुलं पाच-सहाच घेते, एक झाड आणि पंधरा मिनिटं, मोबाईल दप्तरात. पहिली पाच मिनिटं चुळबुळ होते, ती होऊ द्यायची. एकदा शिंजीरची मादी लोंबतं घरटं बांधत होती, चोचीत कोळ्याचं जाळं धरून यायची, ते बाहेरून लपेटायची, मग आत शिरून छातीने दाबून दाबून जागा गोल करायची, परत उडायची. ज्या मुलाला दोन मिनिटं स्वस्थ बसवत नाही असं त्याची आई सांगत होती त्याने तिच्या अकरा फेऱ्या मोजल्या, आणि घरट्याच्या जवळ जाऊ नका हे बाकीच्यांना त्यानेच दटावून सांगितलं, मला तोंड उघडावं लागलं नाही.

दुसरं एक. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं की मुलं ते प्रेमाने उचलून घरी आणतात. बहुतेक वेळा ते पडलेलं नसतं, उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच चारा घेऊन थांबलेले असतात. मांजर-कुत्र्याची भीती असेल तर शेजारच्या झुडपात ठेवायचं आणि लांब व्हायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते ही समजूत पण खरी नाही, हे मोठ्यांनाही सांगावं लागतं.

आणि फोटोवाल्यांना हात जोडून विनंती, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो, आपल्याला एक फोटो मिळतो आणि त्याची सकाळ वाया जाते.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती 1987 पासून चालू आहे, आणि फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस असतात, त्यात तर खिडकीत बसून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. या दोन्हीच्या तारखा आठवडाभर आधी एका छोट्या चौकटीत छापाल का? खाली एक ओळ टाका, दुर्बीण नसली तरी या, नावं येत नसली तरी या. आम्हाला यादी लिहून घेणारं माणूस पण हवंच असतं, आणि साळुंकी ओळखता येणारा कोणीही पहिल्या दिवसापासून मोजू शकतो.

आपली,
एक वाचक आणि पक्षीगणनेतली स्वयंसेवक